‘बीइंग’ म्हणजे काय?

पहिल्या चाचणीचा पेपर हातात पडला तेव्हा माझ्या प्रत्येक नोंदीखाली जांभळ्या शाईचं प्रश्नचिन्ह होतं. आकडे बरोबर, नावे-जमा बरोबर, गुण पूर्ण, तरी प्रश्नचिन्ह. सांगलीत शिकले तशीच मी किर्द लिहिली होती. वरच्या ओळीत ‘कॅश अकाउंट डेबिट’, खालच्या ओळीत जरा आत सरकून ‘टू सेल्स अकाउंट’ आणि त्याखाली कंसात ‘बीइंग गुड्स सोल्ड फॉर कॅश’. शेवटच्या नोंदीपाशी बाईंना राहवलं नव्हतं. तिथे लिहिलं होतं, ‘टू व्हेअर? बीइंग व्हॉट?’

तास सुटल्यावर विचारायला गेले. मी ‘मॅडम’ म्हणून सुरुवात केली, त्यांनी पुन्हा एकदा आपलं पहिलं नाव सांगितलं, मी पुन्हा एकदा ते न घेता वाक्य पुढे रेटलं. (दोन वर्षांत एकदाही मला त्यांना नुसत्या नावानं हाक मारता आली नाही. ‘एक्सक्यूज मी’वर भागवलं.) मी समजावलं, की आमच्याकडे जमा खात्याआधी ‘टू’ लावतात आणि नोंदीचा खुलासा ‘बीइंग’नं सुरू करतात. त्यांनी विचारलं, ‘टू’ काढून टाकलं तर नोंद चुकेल का? नाही. मग लावायचं कशासाठी? माझ्याकडे उत्तर नव्हतं. अकरावीपासून लावत आले होते म्हणून लावत होते.

माझं वय तेव्हा ३६. शिक्षण एम.कॉम. सांगलीतल्या एका पतसंस्थेत नऊ वर्षं हिशेब सांभाळलेला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अण्णा, माझे वडील, मार्केट यार्डात हळदीच्या एका आडत दुकानात चाळीस वर्षं दिवाणजी. संध्याकाळी रोजमेळ लागल्याशिवाय ते गल्ल्यावरून उठायचे नाहीत. एकदा सव्वा रुपयाचा फरक होता म्हणून रात्री साडेनऊपर्यंत बसले होते, आणि आई दारात उभी राहून म्हणत होती, ‘मी देते सव्वा रुपया, पण या आता.’ अशा घरातली मी. कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात ‘फायनान्शियल अकाउंटिंग’च्या पहिल्या पायरीवर बसले तेव्हा मनात स्वच्छ होतं, की ही बालवाडी आहे, चार महिने कसेतरी काढायचे आणि वरच्या वर्गात जायचं.

त्या वर्गात जायची वेळ का आली, ते थोडक्यात. २०१४ मध्ये नवऱ्याच्या मागे तीन वर्षांच्या लेकीला घेऊन इकडे आले. एच-फोर व्हिसा म्हणजे एच-वन-बीच्या शेपटीला बांधलेला व्हिसा. शिकायला मुभा, कमवायला बंदी. मे २०१५ पासून काही एच-फोर बायकांना वर्क परमिट मिळू लागलं खरं, पण त्यासाठी नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा आय-१४० नावाचा अर्ज मंजूर झालेला असावा लागतो, आणि आमचा झालेला नव्हता. तीन वर्षं मी पोळ्या केल्या, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचा जमाखर्च फुकटात लिहिला आणि लायब्ररीत बसून इतरांची मुलं सांभाळली. लेक शाळेत पूर्णवेळ जायला लागली आणि सकाळी साडेआठ ते अडीच घर गप्प झालं. मग मात्र राहवेना.

कम्युनिटी कॉलेज हा प्रकार आपल्याकडे फारसा रुळलेला नाही. आपलं ज्युनिअर कॉलेज वेगळं आणि हे वेगळं. १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएट गावात पहिलं निघालं. एकट्या कॅलिफोर्नियात आज अशी ११६ आहेत. प्रवेशाला गुणांची अट नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली की या आणि शिका. इथे दोन वर्षं काढून पुढे विद्यापीठात जाणारे असतात, नुसतं वेल्डिंग किंवा नर्सिंग शिकणारे असतात आणि माझ्यासारखे अधांतरी लटकलेलेही असतात. राज्यातल्या रहिवाशाला फी युनिटमागे ४६ डॉलर. माझा विषय चार युनिटचा, म्हणजे १८४ डॉलर. मात्र ‘रहिवासी’ या शब्दात मेख आहे. राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचा पुरावा लागतो, नाहीतर फी कित्येक पटींनी वाढते. खिडकीवरच्या मुलानं पासपोर्ट पाहिला आणि ‘व्हिसावाल्यांना बाहेरची फी’ असं सांगून मोकळा झाला. एच-फोरवाल्याला रहिवासी मानता येतं हे मला मंडळातल्या एका ताईंनी आधीच बजावून ठेवलं होतं. मी तिथेच उभी राहिले. त्यानं आतून कुणाला तरी बोलावलं, तिनं एक तक्ता काढला, तक्त्यावर बोट फिरवलं, आणि माझे हजारभर डॉलर वाचले. तेव्हा जाणाऱ्यांनी तो तक्ता मागावा. खिडकीवरच्या माणसावर विसंबू नये.

फी वाचली ती पुस्तकात गेली. पुस्तकासोबत ऑनलाइन गृहपाठाचा कोड घ्यावाच लागतो. तो एकदाच चालतो, त्यामुळे जुनं पुस्तक घेऊन भागत नाही. पुस्तक आणि कोड मिळून फीपेक्षा जास्त पैसे गेले, हे मी अण्णांना कधी सांगितलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी पहिला तास. खोलीत पंचेचाळीस खुर्च्या आणि साठ माणसं. उरलेली वेटलिस्टवाली, भिंतीला टेकून उभी. बाईंनी हजेरी घेतली. जे आले नव्हते त्यांची नावं तिथल्या तिथे कापली आणि उभ्या असलेल्यांना क्रमानं प्रवेशाचे कोड वाटले, रेशनच्या दुकानात केरोसीन वाटावं तसे. माझ्या उजवीकडे सैन्यातून परत आलेला एक दांडगा मुलगा. डावीकडे शहरात नखांचं सलोन चालवणारी एक व्हिएतनामी बाई, वय माझ्यापेक्षा दहानं जास्त. पुढे अकरावीत शिकणारी दोन पोरं, शाळा सुटल्यावर इथे येऊन कॉलेजचे युनिट गोळा करणारी. मागे एक फिलिपिनो नर्स. तिला नर्सिंग सोडायचं होतं आणि ते ती प्रत्येक तासाला नव्यानं सांगायची.

दुसऱ्या आठवड्यात मी स्वतःहून हात वर केला आणि पस्तावले. बाई नावे-जमा शिकवत होत्या. फळ्यावर इंग्रजी ‘टी’सारखी आकृती, डावीकडे मालमत्ता, उजवीकडे देणी आणि मालकाचं भांडवल. मला वाटलं, या पोरांना सोपं करून सांगावं. मी आपले तीन सोन्याचे नियम घडाघडा म्हणून दाखवले: घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा, येईल ते नावे, जाईल ते जमा, खर्च आणि तोटे नावे, उत्पन्न आणि नफा जमा. व्यक्तिगत खातं, वास्तव खातं, नामधारी खातं. वर्ग शांत. बाईंनी कौतुकानं ऐकलं आणि म्हणाल्या, ‘छान. आता सांग, पगाराचा खर्च नावे का पडतो?’

‘कारण सगळे खर्च नावे पडतात.’

‘का?’

मी थांबले. पतसंस्थेत नऊ वर्षं पगाराची नोंद दर महिन्याला माझ्या हातानं पडली होती. विद्यापीठात मी अकाउंट्समध्ये पहिल्या वर्गात आले होते. पण ‘का’ हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मीही कुणाला विचारला नव्हता.

उत्तर अकरावीतल्या त्या पोरानं दिलं. खर्च झाला की मालकाचा हिस्सा कमी होतो. मालकाचा हिस्सा उजवीकडे वाढतो. मग कमी व्हायचा तर डावीकडेच दिसणार. बस, एवढंच. त्याला तीन नियम माहीतच नव्हते. त्याला फक्त दोन बाजू समान राहिल्या पाहिजेत एवढं माहीत होतं, आणि त्यातून त्यानं बाकीचं बसल्या जागी काढलं. घरी येताना बसमध्ये मी एकेक नोंद मनात त्या एका वाक्यावर घासून पाहत होते. घसारा, व्याज, बुडीत येणं. सगळ्या बसत होत्या. माझा स्टॉप मागे पडला तरी कळलं नाही.

त्या दिवसापासून ‘बालवाडी’ हा शब्द डोक्यातून गेला. तरी सवयी मोडायला वेळ लागला. आम्ही ताळेबंद डावीकडे देणी आणि उजवीकडे मालमत्ता असा शिकलो, तोही कायमस्वरूपी वस्तू आधी आणि रोकड शेवटी. भारतात २०११ नंतर कंपन्यांना उभाच ताळेबंद मांडावा लागतो, पण माझी पिढी आडव्यावर वाढलेली. इथे मालमत्ता डावीकडे, आणि पहिल्या ओळीत रोकड. मी परीक्षेत इमारतीपासून सुरुवात केली की पुढचं सगळं उलटं यायचं. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, तू कर्ज देणारी आहेस असं समज, सगळ्यात आधी काय बघशील? माझ्या डोळ्यांसमोर पतसंस्थेतले कर्जदार आले. बंगला दाखवणारे बरेच, हप्त्याला रोकड दाखवणारे थोडे. मी गप्प बसले.

शब्दांचे घोटाळे वेगळेच. आपला ‘स्टॉक’ म्हणजे गोदामातला माल; इथे तो ‘इन्व्हेंटरी’, आणि ‘स्टॉक’ म्हणजे शेअर. एका गणितात ‘कंपनीनं स्टॉक विकला’ असं होतं आणि मी ती विक्री समजून नफा काढला. भागभांडवलावर नफा काढणारी जगातली मी पहिली असेन. ‘डेटर’ना ‘अकाउंट्स रिसीव्हेबल’ म्हणायचं. १,००,००० लिहिताना स्वल्पविराम कुठे द्यायचा हे मेंदूला कळायचं, हाताला कळायचं नाही. कागदावर बाई समजून घ्यायच्या. ऑनलाइन गृहपाठाचं यंत्र काही समजून घेत नसे. त्याची मुदत रात्री ११ वाजून ५९ मिनिटांची. वजाबाकीच्या आकड्याला त्याला कंस हवा असताना मी उणे चिन्ह दिलं की तांबडी फुली. लेकीला झोपवून साडेनऊला बसायचं आणि बरोबर उत्तर यंत्राच्या पसंतीला उतरेपर्यंत वेगवेगळ्या वेषांत पाठवत राहायचं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते सलोनवाल्या बाईंनी. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, म्हणून आम्ही एकत्र अभ्यास करायचो. धंद्याचा हिशेब त्यांचा तोंडपाठ. कुठल्या मुलीनं किती गिऱ्हाईकं केली, पावडर कितीला पडते, भाडं किती तारखेला जातं. फक्त ‘पैसा हातात आला म्हणजे उत्पन्न’ हे सोडायला त्या तयार नव्हत्या. नाताळच्या आधी त्या गिफ्ट कार्ड विकायच्या, पन्नास-पन्नास डॉलरची. वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना विचारलं, हे पैसे कुणाचे? ‘माझे,’ त्या म्हणाल्या. ‘गल्ल्यात आहेत.’ नखं केली का? नाही. मग उद्या तू दुकान बंद केलंस तर? त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘पण मी ते खर्च केले.’ सगळा वर्ग हसला, त्याही हसल्या, आणि बाईंनी फळ्यावर देण्याच्या बाजूला लिहिलं: न कमावलेलं उत्पन्न.

मला आडत दुकानातली उचल आठवली. पेरणीच्या वेळी शेतकरी दुकानातून पैसे उचलतो, हळद आली की तिच्या पट्टीतून ते वळते होतात. अण्णांच्या वहीत शेतकऱ्याच्या नावाच्या पानावर ती पडलेली असायची, माल येईपर्यंत तशीच. सलोनवालीच्या कार्डाची ही नेमकी उलटी बाजू. मी त्यांना कागदावर दोन्ही मांडून दाखवलं, हळद आणि नखं शेजारी शेजारी. त्यांना ते इतकं पटलं की पुढच्या आठवड्यात त्यांनी दुकानातल्या वहीत गिफ्ट कार्डांचं वेगळं पान घातलं आणि फोटो काढून आणला.

हळद आणखी एकदा वर्गात आली, तीही माझी फजिती करून. मालाचं मूल्य ठरवण्याच्या पद्धती चालू होत्या: आधी आलेला माल आधी गेला असं धरायचं, का शेवटी आलेला आधी. ही दुसरी पद्धत, लायफो, भारतात आर्थिक पत्रकांसाठी चालत नाही. अमेरिकेत चालते. भाव चढते असताना तिच्यानं नफा कमी दिसतो, कर कमी बसतो. म्हणून कंपन्यांना ती प्रिय. पण करासाठी वापरली तर भागधारकांनाही तोच हिशेब दाखवावा लागतो, एवढी वेसण कायद्यानं घातली आहे. बाईंनी विचारलं, शेवटी आलेला माल खरंच आधी जातो असा धंदा कुठला? कुणी कोळशाचा ढीग म्हणालं, कुणी वाळू. मी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांचं सांगितलं. जमिनीत खोल खणलेली कोठारं, वरून हळद भरायची, तोंड बंद करायचं, उपसायची तीही वरूनच. वर्ग खूश. मी घरी येऊन अण्णांना फोनवर अभिमानानं सांगितलं.

‘अगं, पेव एकदा फोडलं की सगळंच काढतात,’ अण्णा म्हणाले. ‘अर्धं ठेवून कोण झाकतंय? तुझ्या बाईंना खोटं सांगितलंस.’

पुढच्या तासाला मी प्रामाणिकपणे दुरुस्ती केली. बाई म्हणाल्या, हरकत नाही, हिशेबाला माल खरोखर कुठून उचलला याच्याशी देणंघेणं नसतं, ती नुसती धारणा असते. हे वाक्य मी काही अण्णांना ऐकवलं नाही. दिवाणजीला हे ऐकवणं म्हणजे भांडण काढणं.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे तंतोतंत सारखी निघाली. सत्राच्या शेवटी एका काल्पनिक दुकानाचा महिन्याभराचा हिशेब किर्दीपासून ताळेबंदापर्यंत हातानं करायचा होता. माझी तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, ६३ डॉलरनं जुळेना. रात्रीचे साडेबारा. अण्णांची शिकवण अशी, की फरक आला तर आधी त्याची निमपट करायची. तेवढ्या रकमेची नोंद असेल तर ती चुकीच्या बाजूला चढली आहे. ६३ ची निमपट साडेएकतीस, आणि माझ्या हिशेबात सेंट कुठेच नव्हते. मग नवानं भाग द्यायचा. जातो? मग कुठेतरी शेजारचे दोन अंक उलटे पडलेत. भागाकार सात, म्हणजे ज्या दोन अंकांत सातचा फरक आहे असे अंक शोधायचे. खतावणीवरून बोट फिरवत गेले आणि मालाच्या खात्यात सापडलं: १,२९२ च्या जागी १,२२९. दुसऱ्या दिवशी ही युक्ती वर्गात सांगावी म्हणून हात वर करणार, तोच बाई फळ्यावर लिहू लागल्या, ‘फरकाला नवानं भाग जातो का ते पाहा.’ मी हात खाली घेतला. हे या लोकांना कुणी सांगितलं, असा एक खुळा विचार मनात येऊन गेला.

अंतिम परीक्षा स्कॅनट्रॉनवर, म्हणजे यंत्रानं तपासायच्या उत्तरपट्टीवर. ती हिरवी पट्टी विद्यार्थ्यानंच कॉलेजच्या दुकानातून विकत आणायची असते, आणि पेन्सिल दोन नंबरची लागते. मी रिकाम्या हातानं गेले होते. सैन्यातल्या मुलानं पिशवीतून सहा पट्ट्या काढल्या आणि त्यातली एक मला दिली. मला ‘ए’ मिळाला. त्यालाही. सलोनवाल्या बाईंना ‘बी’, आणि त्या माझ्यापेक्षा जास्त आनंदात होत्या.

पुढच्या सत्रांतलं मॅनेजिरियल, कॉस्ट, इंटरमीजिएट यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अभ्यास केला, झालं. कॉस्टिंगमध्ये आपली पोरं इथल्यांना भारी पडतात. एक्सेलच्या वर्गात मात्र मी सपशेल आपटले आणि तो दुसऱ्यांदा घ्यावा लागला.

खरी मजा आली ती टॅक्सच्या वर्गानंतर. आयकर खात्याची ‘व्हीटा’ नावाची योजना आहे. कमी उत्पन्नाच्या लोकांची विवरणपत्रं स्वयंसेवक फुकट भरून देतात, आणि कॉलेजातच त्याचं केंद्र चालायचं. पैसे मिळत नाहीत, म्हणजे एच-फोरवरही करता येतं. आधी वर्तणुकीची, मुलाखतीची आणि कराची अशा परीक्षा ८० टक्क्यांनी पास व्हाव्या लागतात. २०१९ चा हंगाम. त्या वर्षी सरकारचं कामकाज ३५ दिवस ठप्प होतं आणि त्यातच नव्या कायद्याचं पहिलं वर्ष. ‘पोस्टकार्डाएवढा फॉर्म’ अशी जाहिरात झालेला नवा १०४०, म्हणजे आयकराचं मुख्य विवरणपत्र, हातात आला तो अर्ध्या पानाचा, पाठपोट, आणि त्याला जोडलेल्या सहा नव्या पुरवण्या. घडी घालून लहान केलेली चादर, दुसरं काय.

साधारण ५५,००० डॉलरच्या आत उत्पन्न असलेले लोक यायचे. खोक्यातून, प्लास्टिकच्या पिशवीतून, एक आजोबा तर उशीच्या अभ्र्यातून कागद घेऊन आले. मी हिशेब येतो म्हणून गेले होते. तिथे आधी विचारायला शिकावं लागलं. घरात कोण कोण राहतं? मुलगा वर्षातून किती महिने तुमच्याकडे होता? माणसं या प्रश्नाला थांबतात, खिडकीबाहेर बघतात. एका बाईनं ‘सात’ म्हटलं आणि मग बोटांवर मोजून ‘नाही, पाच’ असं दुरुस्त केलं. मी सातच्या जागी पाच लिहिलं आणि त्या दोन महिन्यांमुळे तिचा परतावा बराच खाली आला. सहा महिन्यांच्या वर मूल घरात राहिलेलं असावं लागतं. नियम माझा नव्हता, तरी तिच्याकडे बघवेना.

आणि एका संध्याकाळी नियम माझ्या घरात शिरला. मुलामागे मिळणारी सवलत त्या वर्षी दुप्पट होऊन २,००० डॉलर झाली होती, पण मुलाकडे सोशल सिक्युरिटी नंबर हवा अशी नवी अट आली होती. इथे जन्मलेल्या मुलाकडे तो असतो. माझी लेक सांगलीत जन्मलेली. तिच्याकडे आणि माझ्याकडे होता तो आयटीन, करापुरता दिलेला नंबर. अशा मुलामागे ५०० डॉलर. समोर एक पंजाबी जोडपं बसलेलं, त्यांची थोरली लुधियानाची, धाकटा इथला. मी स्क्रीनवर दोन ओळी भरल्या, एकीला ५००, दुसरीला २,०००. वडिलांनी विचारलं, ‘ये फर्क क्यों?’ हा ‘का’ मात्र मला समीकरणातून सोडवून दाखवता आला नाही. कलम सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि सही केली.

व्हीटात एक शिस्त फार चांगली आहे. ज्यानं फॉर्म भरला, त्यानं तो तपासायचा नाही. दुसऱ्या स्वयंसेवकानं गिऱ्हाइकासमोर ओळ न् ओळ पुन्हा बघायची, मगच तो पाठवायचा. माझ्या चुका एका निवृत्त पोस्टमननं पकडल्या. त्याला अकाउंटिंगचं ओ की ठो येत नव्हतं, पण नावाचं स्पेलिंग आणि घर क्रमांक त्याच्या नजरेतून सुटत नसे.

दरम्यान कागदपत्रांचं एक वेगळंच सत्र चालू होतं. सीपीएसाठी, म्हणजे इथल्या सनदी लेखापालाच्या परवान्यासाठी, कॅलिफोर्नियात तेव्हा एकूण १५० सेमिस्टर युनिट लागायची, त्यात अकाउंटिंगची आणि व्यवसायविषयक प्रत्येकी २४, वर आणखी अकाउंटिंगची २० आणि नीतिशास्त्राची १०. आपलं तीन वर्षांचं बी.कॉम. एकटं इथल्या चार वर्षांच्या पदवीसमोर तोकडं पडतं. माझ्या मूल्यमापनात बी.कॉम. आणि एम.कॉम. मिळून एक पदवी धरली गेली. भावानं सीलबंद गुणपत्रकं कुरिअरनं पाठवली, उघडू नकोस असं तीनदा बजावूनही मला पाकीट बघून हात शिवशिवला. उरलेली युनिट कम्युनिटी कॉलेजची चालतात, हे त्यातलं सुख. नीतिशास्त्राची दहा मात्र आपल्याकडच्या कुठल्याच विषयात बसेनात.

आय-१४० मंजूर झाला, जानेवारी २०१९ मध्ये वर्क परमिटचा अर्ज टाकला, जुलैत कार्ड आलं. मग सोशल सिक्युरिटी नंबर. सप्टेंबरात एका छोट्या हिशेबनीस कार्यालयात आठवड्याला वीस तासांचं काम लागलं. मुलाखतीत त्यांनी एका उपाहारगृहाचं बँक स्टेटमेंट पुढे सरकवलं आणि मेळ घालायला सांगितला. न वटलेले दोन चेक, बँकेनं परस्पर कापलेलं शुल्क आणि १८ डॉलरचा फरक. नवानं भाग जात होता.

जानेवारी २०२० मध्ये माझा पहिला डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, हातात आला. आमचं विवरणपत्र त्या वर्षी मीच भरायला घेतलं. आधी आयकर खात्याला पत्र लिहिलं, की माझा आयटीन आता रद्द करा आणि जुनी नोंद नव्या नंबराला जोडा. हे बरेच जण विसरतात. मग फॉर्म. पहिल्या ओळीत नवऱ्याचा पगार अधिक माझा. सगळं भरून झाल्यावर छापलं आणि नवऱ्यापुढे ठेवलं.

त्यानं थेट सहीची जागा शोधली.

‘वाच आधी,’ मी म्हटलं. ‘भरणाऱ्यानं तपासायचं नसतं.’

‘तू भरलंयस ना? मग बरोबरच असेल.’

मी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि पेन्सिल दिली. तो उसासा टाकून पहिल्या ओळीपासून वाचू लागला. चौथ्या मिनिटाला त्यानं मान वर केली. मी आमच्या घराचा पिन कोड चुकवला होता. शेवटचे दोन अंक उलटे पडले होते.